शेवटची कळ कोणीं दाबिली?

घरांतले दिवे एकाएकीं गेले म्हणजे अंधारांतून जो पहिला आवाज येतो तो बहुधा 'काय झालें?' असें विचारीत नाहीं. 'आतां कोणीं काय लावलें?' असें विचारतो. ह्या साध्या प्रश्नांत तर्कशास्त्राचा व नीतिशास्त्राचा जो गुंता आहे, तो त्या शास्त्रांवरील जाड ग्रंथांतही पुरता सुटलेला आहे असें नाहीं. विचारणारास कारण हवें आहे असें वरवर दिसतें. पण त्याचा स्वर ध्यानीं घेतला तर त्यास आरोपी हवा आहे, आणि तो दिवे पुन्हां लागण्यापूर्वींच हवा आहे, असें कळून येतें. कारण शोधणें आणि दोष देणें हीं दोन कामें एकच आहेत काय, व नसल्यास पहिल्यावरून दुसऱ्यावर जातांना मन कोणत्या वाटेनें घसरतें, ह्याचा विचार आम्ही येथें एका अगदीं घरगुती उदाहरणाच्या आधारें करणार आहों. तत्त्वचर्चेस विजेचा खटका हें उदाहरण कांहींसें हलकें वाटेल. परंतु आमच्या नैयायिकांनीं घट, पट, कुंभार आणि त्याचें गाढव एवढ्या सामग्रीवर शतकानुशतकें कार्यकारणभावाचा खल केला, तेव्हां ह्या बाबतींत आम्हीं परंपरा सोडिली असें कोणी म्हणूं नये.

प्रथम ह्या खटक्याची ओळख. पूर्वीं घरोघर चिनी मातीच्या बैठकींतला फ्यूज असे. प्रमाणाबाहेर प्रवाह वाहूं लागला कीं त्यांतली बारीक तार वितळून जाई, आणि घरांतल्या कर्त्या पुरुषास स्टुलावर चढून मेणबत्तीच्या उजेडांत नवी तार गुंडाळावी लागे. त्या फ्यूजच्या जागीं आज जी लहानशी दांडीची पेटी आली आहे, व जिला वायरमनपासून शाळकरी मुलांपर्यंत सारे 'एम्. सी. बी.' म्हणतात, तिचें पेटंट जर्मनींत १९२४ सालचें. ह्यूगो स्टोट्झ् ह्या एंजिनियराचें नांव त्याच्याशीं जोडलेलें आहे. पेटीच्या पोटांत दोन पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन निरनिराळे धातु एकमेकांस चिकटवून केलेली पट्टी. प्रवाहानें ती तापते, दोन्ही धातु सारखे फुगत नसल्यामुळें ती वांकते, आणि पुरेशी वांकली म्हणजे खटका पाडते. दुसरा म्हणजे विद्युच्चुंबक. दोन तारा एकमेकींस भिडून प्रवाह एकदम अनेकपट वाढला, तर पट्टीच्या तापण्याची वाट न पाहतां तो क्षणार्धांत काम उरकतो. पहिला पहारेकरी सोशीक आहे, दुसरा तापट.

आमच्या विषयास सोशीक पहारेकऱ्याचाच स्वभाव महत्त्वाचा. १६ अँपिअरचा खटका म्हणजे सतराव्या अँपिअरला पडणारा खटका, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. ठरलेल्या नियमाप्रमाणें नेमलेल्या प्रवाहाच्या १.१३ पट, म्हणजे सुमारें १८ अँपिअर, चालू असतां त्यानें तासभर पडूं नये, १.४५ पट, म्हणजे सुमारें २३ अँपिअर, झाल्यास तासाच्या आंत पडलेंच पाहिजे. आणि ह्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यांत त्यानें काय करावें हें पेटींतली उष्णता, सैल झालेला एखादा स्क्रू, पूर्वींचें तापणें अशा गोष्टींवर सोडलेलें आहे. शिवाय त्यास एक प्रकारची स्मृति असते: पडल्यावर ताबडतोब वर केला तर पट्टी अजून ऊन असल्यामुळें तो पूर्वींपेक्षां लौकर पडतो. दांडी बोटानें वर दाबून धरिली तरीही आंतली कमान सुटतेच; अधिकाराच्या जोरावर त्याचें तोंड बंद ठेवितां येऊं नये अशीच त्याची घडण आहे. आमच्या माहितींतल्या फारच थोड्या चौकशी-समित्यांविषयीं असें म्हणतां येईल.

आतां उदाहरण. नारायण पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकीं एक. १९०५ सालीं टिळकांनीं घेतलेला गायकवाडांचा वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, ह्याच पेठेंत. मोदी गणपति येथलाच आणि पत्र्या मारुतिही येथलाच. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां नदीकडच्या बाजूस पाणी शिरून पुष्कळ घरें गेलीं. जे वाडे राहिले ते आतां एकेक करून पाडले जात आहेत व त्यांच्या जागीं इमारती उठत आहेत. तरी कांहीं वाडे अजून उभे आहेत, आणि त्यांच्या माड्यांवर गांवोगांवचीं मुलें स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत बसलेलीं असतात. अशाच एका वाड्यांत माडीवरची मागची खोली मालकांनीं 'कॉट बेसिस'वर चार विद्यार्थ्यांस दिली होती. दोघे मराठवाड्यांतले, एक विदर्भांतला, एक सांगलीकडचा. पुढच्या दोन खोल्यांत मालकांचें कुटुंब. सबंध माडीस १६ अँपिअरचा एकच खटका, कारण तारा ओढल्या गेल्या त्या काळीं चार दिवे, दोन पंखे व एक रेडिओ ह्यांपलीकडे कोणाच्या कांहीं मनांत नव्हतें.

डिसेंबरांत सकाळीं पांच ते सहाच्या दरम्यान तेथें खटका पडूं लागला, आणि तो जवळजवळ रोज पडूं लागला. मालकीणबाईंचें म्हणणें सरळ होतें: "अरे, तुम्ही राहायला येण्याआधीं आमच्याकडे असे दिवे कधीं गेले नव्हते." त्यावर मुलांतला एक अदबीनें म्हणाला, "काकू, आम्ही फक्त रॉड लावला होता." दोन्ही विधानें अक्षरशः खरीं होतीं. दोन खऱ्या विधानांमध्यें इतकें वैर असूं शकतें, ही ह्या प्रकरणांतली मौज.

हिशेब असा. मालकांचा गीझर २००० वॅटचा, त्यांच्या चिरंजीवांची इस्त्री १००० वॅटची. मुलांचा पाणी तापविण्याचा रॉड १५०० वॅटचा आणि चहाची विजेची किटली १५०० वॅटची. बेरीज ६००० वॅट. निम्मी पुढच्या खोल्यांची, निम्मी मागच्या खोलीची. २३० व्होल्टांवर हा प्रवाह २६ अँपिअर होतो, म्हणजे खटका कांहीं मिनिटांत पडणार हें ठरलेलेंच. परंतु ह्या चार वस्तूंपैकीं कोणतीही एकटी निरुपद्रवी आहे. गीझर व रॉड दोन्ही मिळून देखील सोळांच्या आंतच राहतात. आणि चारही चालू असतां त्यांतली कोणतीही एक काढली तर प्रवाह बावीसच्या आंत येतो व खटका बहुधा स्नानें उरकेपर्यंत तग धरितो. म्हणजे 'ही नसती तर दिवे गेले नसते' हें वाक्य चारही वस्तूंविषयीं सारख्याच सत्यतेनें बोलतां येतें. मग दोष एकट्या रॉडवर कां यावा?

तो शेवटीं लागला म्हणून. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गांठ पडली, असें आपण म्हणतों, व संस्कृतांतला काकतालीय न्यायही तेंच सांगतो. पण तेथें कावळा अगदींच निर्दोष आहे. फांदी तुटणारच होती, कावळा योगायोगानें हजर होता. येथें तसें नाहीं. रॉडचे साडेसहा अँपिअर हे खरे साडेसहा अँपिअर आहेत. म्हणून 'मुलांचा ह्यांत कांहीं संबंध नाहीं' असें म्हणणारा त्यांचा वकीलही चुकतो. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर रॉड हा कुंभाराच्या गाढवासारखा अन्यथासिद्ध नव्हे. तो कारणसामग्रींतला खरा घटक आहे. प्रश्न इतकाच कीं सामग्रींतल्या चार घटकांपैकीं एकास 'कारण' ही पदवी आणि बाकीच्यांस 'परिस्थिति' म्हणून मोकळीक, ही वांटणी कोणत्या न्यायानें होते?

जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८४३ सालच्या 'सिस्टिम ऑफ लॉजिक' ह्या ग्रंथांत ह्या प्रश्नास हात घातला आहे. त्याचें मत असें कीं तात्त्विक दृष्ट्या कारण म्हणजे साऱ्या अटींची बेरीज. तींतून एक अट उचलून तिलाच कारण म्हणणें ही व्यवहारांतली मनमानी होय. ती मनमानी कशी चालते हेंही त्यानें दाखविलें आहे. ज्या अटी आधींपासून टिकून आहेत त्या आपणांस स्थिति वाटतात, जी अखेरीस येऊन मिळते ती घटना वाटते, व घटनेस आपण कारण म्हणतों. पुढें १९५९ सालीं हार्ट आणि ऑनरे ह्या दोघा ऑक्सफर्डच्या विधिपंडितांनीं 'कॉझेशन इन् द लॉ' ह्या ग्रंथांत त्यावर बरीच भर घातली. घरास आग लागली तर हवेंतल्या प्राणवायूस कोणी कारण म्हणत नाहीं, कारण तो नेहमींचाच; जें नेहमींपेक्षां वेगळें त्यावर बोट ठेवावें अशी लोकव्यवहाराची व न्यायालयांचीही रीत आहे, आणि ती केवळ मनमानी नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन. आगीच्या बाबतींत आम्हांसही तें पटतें. प्राणवायु कोणाच्या मालकीचा नाहीं व कोणीं तो चालू केलेला नाहीं.

गीझर मात्र कोणीतरी चालू केलेला असतो. मालकांनीं तो प्रथम बसविला तेव्हां तीही एक घटनाच होती. शेजारच्यांनीं येऊन पाहिली असेल. पुढें वर्षानुवर्षें रोज सकाळीं पांचला लागून लागून त्यांतलें घटनापण झिजलें आणि गीझर परिस्थितींत जमा झाला. जें आधींपासून चालू आहे तें आपणांस कृत्य वाटतच नाहीं. सकाळीं माडीवर विजेवर काय काय चालतें, असें मालकीणबाईंस विचारलें असतें तर त्यांनीं रॉड आणि किटली मोजून दाखविली असती. गीझर त्या मोजणींत आलाच नसता, जसा भिंतीचा भार कोणी सामानांत धरीत नाहीं. ह्यांत लबाडी मुळींच नव्हती. सवय मनुष्याचा स्वतःचा वाटाच त्याच्या दृष्टीआड करिते, आणि म्हणूनच तिच्याशीं वाद घालणें लबाडाशीं वाद घालण्यापेक्षां कठीण.

येथें आणखी एक गोष्ट आहे. 'शेवटीं रॉड लागला' हें तरी खरें होतें किंवा नाहीं, ह्याची चौकशी प्रथम कोणींच केली नाहीं. सांठवणीच्या गीझरांत पाणी पुरेसें तापलें म्हणजे प्रवाह आपोआप बंद होतो, आणि कोणीं बादलीभर पाणी काढून घेतलें, टाकींत थंड पाणी शिरलें, कीं तो आपोआप पुन्हां सुरू होतो. ह्या दुसऱ्या वेळीं बाहेरची कळ कोणी दाबीत नाहीं. वायरमननें दोन दिवस पहाटे येऊन क्लॅम्प मीटर लावून पाहिलें तेव्हां प्रकार उलगडला. रॉड, किटली व इस्त्री चालू असतां प्रवाह साडेसतराच्या आंत होता आणि खटका स्वस्थ होता. गीझर तेव्हां विसांवलेला होता. मग मालक स्नानास बसले, गीझर जागा झाला, आणि सोशीक पट्टी तापूं लागली. तिला वांकावयास कांहीं मिनिटें लागलीं. अंधार झाला तेव्हां मागच्या खोलींत रॉडजवळ उभा असलेला मुलगा सांपडला, एवढाच त्याचा आणि शेवटच्या कळीचा संबंध. शेवटची कळ कोणा मनुष्यानें दाबिलीच नव्हती. आम्हांस वाटतें, जगांतले पुष्कळसे 'शेवटचे' असेच असतात: बिघाड होण्याच्या क्षणीं जो हजर आणि दिसण्याजोगा, तो शेवटचा.

कोणी म्हणेल, क्रमाची गोष्ट सोडून द्या. पण पहिल्या दिवशीं दिवे गेल्यावर मुलांस ठाऊक तर झालें होतें? मग दुसऱ्या दिवशीं रॉड लावण्यापूर्वीं त्यांनीं विचारावयास नको होतें काय? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि 'नको होतें' असें त्याचें उत्तर नाहीं. जो जाणून भर घालतो त्याचा दोष न जाणणाऱ्याहून अधिक, ह्यांत शंका नाहीं. परंतु मग मोजावयाचें तें ज्ञान होय, क्रम नव्हे. आणि पहिल्या दिवसानंतर ज्ञान दोन्ही पक्षांस सारखेंच झालें होतें. पांच वाजतां मागच्या खोलींत रॉड लागतो हें मालकांस माहीत होतें. गीझर अर्धा तास आधीं तापवून मग बंद करणें हें त्यांस, चार मुलांनीं एका रॉडवर पाळीपाळीनें पाणी तापविण्यापेक्षां, सोपें होतें. शिवाय भाडें खाटेच्या हिशेबानें व विजेसह ठरलेलें. चौथी खाट टाकिली त्या दिवशीं चौथी बादलीही भरली गेली. खाटेचें भाडें घेणें हेंही एक कळ दाबणेंच होय. फक्त तिचा आवाज होत नाहीं.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणतेंही कर्म सिद्धीस जाण्याचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळीं करणें, नानाविध चेष्टा, आणि पांचवें दैव, आणि असें असतां जो केवळ आपणांसच कर्ता समजतो त्याची बुद्धि संस्कारलेली नाहीं, असें लगेच पुढें म्हटलें आहे. टिळकांचें 'गीतारहस्य' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून ह्या पेठेंत कर्मयोगावर व्याख्यानांचा तुटवडा पडलेला नाहीं. पण दिवे गेल्यावर ह्या श्लोकांची आठवण कोणीं केलेली आम्हीं ऐकिली नाहीं. त्यांचा उपयोग सामान्यतः स्वतःचा अहंकार निवविण्यासाठीं सांगतात. आमच्या मतें त्यांचा दुसराही एक उपयोग आहे, व तो अधिक निकडीचा आहे. 'मीच एकटा कर्ता' असें म्हणणारा जर चुकत असेल, तर दुसऱ्याकडे बोट करून 'तूंच एकटा कर्ता' असें म्हणणाराही त्याच न्यायानें चुकतो. पहिली चूक करणारे लोक विरळा; दुसरी आपण रोज करितों. वाड्यांतल्या प्रकरणांत अधिष्ठान म्हणजे ती जुनी तार, आणि तिच्याविषयीं तर दोन्ही पक्षांनीं चकार शब्द काढिला नव्हता.

बरें, 'शेवटीं आलेला तो दोषी' हा नियम निदान सर्वत्र सारखा तरी लावला जातो काय? तसेंही दिसत नाहीं. ह्या प्रांतांत वीज आली ती पुष्कळ अंशीं सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून. टाटांचें खोपोलीचें केंद्र १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें. भिऱ्याच्या केंद्रास पाणी मुळशीच्या धरणाचें. त्या धरणाखालीं मावळांतलीं गांवें व भातशेतें जाणार म्हणून १९२१ सालीं मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, आणि सेनापति बापटांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें. तेथें शेतकरी पिढ्यान्पिढ्यांचे होते. शेवटीं आलें होतें तें धरण. वाड्यांतला नियम लावला असता तर अडचण धरणानें केली असें म्हणावें लागलें असतें. परंतु जमीन सुटली ती शेतकऱ्यांची. ह्यावरून आमचा संशय असा कीं क्रमाचा नियम हा खरा नियम नव्हेच. ज्यास हालविणें सोपें त्यास कारण म्हणावें, हा खरा नियम. क्रम हा त्यास घातलेला सभ्य पोशाख. व्यवहारापुरतें पाहिलें तर त्यांत कांहीं गैरही नाहीं, वायरमनसुद्धां जें सहज काढतां येतें तेंच आधीं काढून पाहतो. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. हालविण्यास सोपा म्हणून ज्यास निवडलें, तो अपराधी म्हणूनच निवडला गेला असें आपण स्वतःस पटवून देतों. वाड्यांतल्या मुलास महिन्याच्या नोटिशीनें काढतां येतें, गीझर भिंतींत बसविलेला आहे. मग नीतीचें पारडें कोणीकडे झुकणार हें सांगावयास नको.

पावसाळ्यांत ह्याच प्रश्नाचें एक सूक्ष्म रूप दिसतें. खटक्याशेजारीं पुष्कळ घरांत आतां आणखी एक पेटी असते, तिला 'आर्. सी. सी. बी.' म्हणतात. गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह ती ताडून पाहते, आणि मधल्यामध्यें ३० मिलिअँपिअर कोठें मुरत आहेत असें दिसलें कीं वीज तोडते. कारण तेवढा प्रवाह एखाद्याच्या शरीरांतूनही जात असूं शकेल. ही पेटी कित्येकदां कोणत्याही एका मोठ्या बिघाडावांचून पडते. ओल धरलेली भिंत, गीझरच्या तापणाऱ्या कांडींत शिरलेला दमटपणा, संगणक, वॉशिंग मशीन, हीं प्रत्येकीं मिलिअँपिअर-दोन मिलिअँपिअर झिरपूं देतात. प्रत्येकाची गळती क्षम्य, बेरीज अक्षम्य. मग कोणी एकेक वस्तु काढीत जातो, आणि जी काढल्यावर पेटी टिकते ती वस्तु बिघडलेली ठरते. शेवटीं लावणाऱ्यास दोष देणारें मन येथें शेवटीं काढलेल्यास दोष देतें! त्याच वस्तु उलट क्रमानें काढल्या असत्या तर दुसरीच भंगारांत गेली असती. प्रत्येकीची गळती वेगवेगळी मोजावी, हें ज्यास सुचतें तो वायरमन आम्ही तर्कशास्त्राच्या पुष्कळ पदवीधरांच्या वर बसवूं.

डेरेक पार्फिट ह्या इंग्रज तत्त्वज्ञानें १९८४ सालच्या 'रीझन्स ॲण्ड पर्सन्स' ह्या ग्रंथांत एक भयंकर कल्पना मांडली आहे. एक हजार छळ करणारे आणि एक हजार बंदी. प्रत्येक छळ करणारा एक कळ दाबतो. तिच्यामुळें प्रत्येक बंद्याची वेदना इतकी थोडी वाढते कीं ती वाढल्याचें त्यास कळतही नाहीं. हजारांनीं कळ दाबल्यावर मात्र ती असह्य होते. माझ्या हातून कोणास जाणवण्याइतकी इजा झाली नाहीं, असें त्यांतला प्रत्येकजण खरेपणानें म्हणूं शकतो. पार्फिटचें उत्तर असें कीं 'माझ्या एकट्याच्या कृत्यानें काय झालें?' एवढेंच विचारून थांबणें ही नीतीच्या गणितांतली चूक आहे. आपण मिळून काय करीत आहों हेंही विचारलें पाहिजे. हें उत्तर आम्हांस मान्य आहे, पण पुरेसें वाटत नाहीं. 'आपण' म्हणजे कोण कोण, हें ठरवितांनाच खरी ओढाताण होते. मालकीणबाईंच्या 'आमच्याकडे' ह्या शब्दांत मागची खोली भाड्याच्या दिवशीं होती, आणि खटका पडला त्या दिवशीं नव्हती.

ह्या साऱ्या वादावर मालकांनीं एक सोपा उपाय काढिला होता, आणि तो जुन्या पेठांतून किती घरीं अंमलांत आला असेल ह्या कल्पनेनें आम्हांस धडकी भरते. १६ चा काढून ३२ चा खटका बसवावा, कीं कटकट संपली. खरोखरच संपली असती. काकूंची तक्रार थांबली असती, मुलांस ऐकून घ्यावें लागलें नसतें, आणि माडीवर सकाळीं जो तो आपापल्या ऊन पाण्यानें संतुष्ट झाला असता. बेरीज कोणीं करावयाची नाहीं ह्या अटीवर सारे एकमेकांशीं गोड वागतात, अशीं कुटुंबें व अशा संस्था आम्हीं पाहिल्या आहेत. परंतु तारेंतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें जूलनें १८४१ सालींच प्रसिद्ध केलें आहे. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. सागवानी तुळईच्या अंगाअंगानें लाकडी पट्टींतून गेलेली ती जुनी तार मग स्वतःच फ्यूज झाली असती. चिनी मातीच्या बैठकींतला फ्यूज वितळला तर नुसता अंधार होतो. माडीवर सहा-सात माणसें निजलेलीं, आणि जिना एकच, तोही लाकडाचा. वायरमननें तो खटका बसविण्यास साफ नकार दिला. मालकांनीं त्यास पुष्कळ सांगून पाहिलें, दुसरा बोलावण्याचा धाकही घातला. पण गडी बधला नाहीं. ह्या प्रकरणांत बेरजेच्या बाजूनें उभा राहिलेला तो एकटाच मनुष्य, आणि त्याचें तेथें कांहींच अडलेलें नव्हतें.

त्यानें सुचविलेला उपाय म्हणजे मागच्या खोलीस स्वतंत्र तार व स्वतंत्र खटका. लगेच खर्चाचा प्रश्न निघाला. भार ज्यांनीं वाढविला त्यांनीं खर्च द्यावा, असें मालक म्हणाले. भार निम्मा निम्मा आहे हें तोंवर सर्वांस कळलें होतें, त्यामुळें हें बोलणें फार वेळ टिकलें नाहीं. मग निम्मा खर्च मुलांनीं द्यावा असें निघालें. त्यावर विदर्भांतला मुलगा म्हणाला, "काका, आमचा करार अकरा महिन्यांचा आहे. तार तुमच्या भिंतींत तीस वर्षें राहील." आमच्या मतें न्याय त्या मुलाच्या बाजूस होता. जें अधिष्ठान मागें राहावयाचें त्याचा खर्च ज्याच्याकडे तें राहावयाचें त्यानें करावा, आणि जें रोज जळून जातें त्याचा वाटा जाळणारांनीं उचलावा. वेळेची शिस्त मात्र दोघांनीं सारखी पाळावी. मालकांस हें तत्त्वतः मान्य झालें. वाडा आज ना उद्यां पाडावयाचाच आहे, मग भिंतींत पैसे कां घाला, असेंही त्यांनीं जोडून म्हटलें, आणि तें म्हणणेंही अगदींच टाकाऊ नव्हतें.

तूर्त मीटरशेजारीं एक कागद चिकटविलेला आहे. गीझर साडेचार ते पांच. रॉड पांच ते पावणेसहा. इस्त्री आदल्या रात्रीं. किटली रॉड काढल्यावर. जानेवारी महिन्यांत खटका एकदांही पडला नाहीं. फेब्रुवारीच्या अखेरीस दोन मुलें खोली सोडून गेलीं व दोन नवीं आलीं. त्यांतल्या एकानें इंडक्शनची शेगडी आणिली आहे. कागदावर तिच्यासाठीं ओळ नाहीं, आणि ती कोणीं लिहावी ह्याचा अजून निकाल लागलेला नाहीं.